ॲम्बेसेडरच्या डिफरन्शियलमध्ये कोणतं ऑइल घालावं?

गॅरेजमध्ये दोन सल्ले हमखास मिळतात: "नव्वद नंबर टाका" किंवा "गाडी जुनी आहे, एकशेचाळीसच टाका." पण नंबराच्या (म्हणजे घट्टपणाच्या) आधी डब्यावर जीएल-४ लिहिलंय की जीएल-५, हा गीअर ऑइलचा दर्जा बघा.

ॲम्बेसेडरचं डिफरन्शियल मागच्या एक्सलमध्ये आहे आणि त्यात हायपॉइड क्राउन-पिनियन, म्हणजे मोठं दातेरी चक्र आणि त्याला फिरवणारं छोटं, अशी जोडी आहे. यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेवर नसतो, खाली सरकवलेला असतो. त्यामुळे दाते प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत सरकतात. साधं तेल तिथे टिकत नाही, गंधक-फॉस्फरसची ईपी (प्रचंड दाब सोसणारी) ॲडिटिव्ह लागतात. जीएल-५ मध्ये ती जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात, म्हणून इथे जीएल-५ च. गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये थांबलंय, क्राउन-पिनियनचा चांगला जोड शोधत फिरण्यापेक्षा आहे तो जपलेला बरा.

मात्र तोच डबा गीअरबॉक्समध्ये रिकामा करू देऊ नका. जीएल-५ मुळे पितळी सिंक्रो रिंगांना (गीअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) त्रास होऊ शकतो. गीअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये दिलेलंच ऑइल घाला.

आता नंबर. ८०डब्ल्यू-९० की ८५डब्ल्यू-१४०? पहिला आकडा थंडीचा: ८०डब्ल्यूची चाचणी उणे २६ अंशांना होते, ८५डब्ल्यूची उणे १२ ला. महाराष्ट्रात दोन्ही चालतील. फरक पडतो तो दुसऱ्या आकड्याने, म्हणजे तापल्यावरच्या घट्टपणाने. १४० ने झिजलेल्या दात्यांचा आवाज दबतो, सैल सीलमधून गळतीही थोडी कमी होते. पण ते घुसळायला ताकद जास्त लागते आणि थंड गाडीत पिनियनच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. शिवाय आवाज दबला म्हणून झीज थांबत नाही. माझं मत स्पष्ट आहे: एक्सल शांत असेल तर ८०डब्ल्यू-९०. आवाज येत असेल तर आधी बेअरिंग आणि बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) तपासा. विदर्भातल्या उन्हाळ्यात भरलेली गाडी रोज पळवत असाल, तर १४० चा विचार करा.

सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० उत्तम ऑइल आहे, पण कमी चालणाऱ्या गाडीला त्याचा फारसा फायदा नाही आणि जुन्या सीलमधून ते लवकर झिरपतं.

बदलताना आधी वरचा भरायचा प्लग सुटतो का बघा, मगच खालचा उघडा. एक्सलचा ब्रीदरही (आतली हवा बाहेर सोडणारं भोक) साफ करा. तो तुंबला तर ऑइल सीलमधून मागच्या ब्रेक ड्रममध्ये उतरतं.