संपूर्ण संस्कृत, संपूर्ण हिंदी की संयुक्त? दहावीच्या एका विषयाचा निर्णय

सातवीचा निकाल लागला की शाळेतून एक चिठ्ठी येते. पुढच्या वर्षी पाल्याला संपूर्ण संस्कृत हवं, संपूर्ण हिंदी हवी की दोन्ही अर्धी-अर्धी, म्हणजे संयुक्त, असा प्रश्न असतो आणि खाली पालकांची सही. दोन दिवसांत चिठ्ठी परत द्यायची असते. मग सोसायटीच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते आणि "संस्कृतच घ्या, मार्क पडतात" हे उत्तर दहा जणांकडून येतं. त्या दहांपैकी किती जणांनी आजची प्रश्नपत्रिका पाहिलेली असते, कोण जाणे.

आमच्या घरात तिन्ही प्रकार होऊन गेले. थोरलीने संपूर्ण संस्कृत घेतलं, धाकट्याने संयुक्त, आणि जाऊबाईंच्या मुलाने संपूर्ण हिंदी. तिघांच्या वह्या मी चाळल्या आहेत, तिघांच्या तोंडी परीक्षेची तयारी ऐकली आहे. ज्यांना ती चिठ्ठी भरायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सगळं राज्य मंडळाच्या दहावीबद्दल आहे. सीबीएसई आणि आयसीएसईचं गणित वेगळं.

आधी 600 गुणांचा हिशोब

दहावीला सहा विषय, प्रत्येकी 100 गुण. तीन भाषा, गणित, विज्ञान आणि तंत्रज्ञान, सामाजिक शास्त्रे. भाषांना 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुण शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. गणिताचे 40-40 चे दोन पेपर, भाग 1 म्हणजे बीजगणित आणि भाग 2 भूमिती. विज्ञानाचेही 40-40 चे दोन, वर प्रात्यक्षिकाचे 20. सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्र 40 आणि भूगोल 40.

हे अंतर्गत 20 गुण क्षुल्लक वाटतात, पण 2019 च्या दहावीला भाषांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल 77.10 टक्के लागला. पुढच्या वर्षी ते परत आले आणि 2020 चा निकाल 95.30 टक्क्यांवर गेला. इतरही कारणं असतील, तरी तोंडी आणि स्वाध्याय ही 'शाळेची औपचारिकता' आहे असं मुलाला घरी सांगू नका.

चिठ्ठीतला निर्णय या सहापैकी एकाच विषयाचा आहे. आणि टक्केवारी काढताना सहांपैकी सर्वांत जास्त गुणांचे पाच विषय धरतात, त्यालाच सगळे 'बेस्ट ऑफ फाइव्ह' म्हणतात. याचा परिणाम किती होतो ते एका कल्पित मुलावरून पाहू. मराठी 84, इंग्रजी 80, गणित 93, विज्ञान 90, सामाजिक शास्त्रे 88. त्याला संस्कृतात 96 पडले, तर इंग्रजी गळते आणि पाचांची बेरीज 451 होते, म्हणजे 90.2 टक्के. त्याऐवजी हिंदीत 85 पडले, तर बेरीज 440, म्हणजे 88 टक्के. फरक 2.2 टक्क्यांचा.

आता हाच मुलगा संस्कृतात अडखळला आणि 71 वर थांबला असं धरा. तो विषयच गळतो, इंग्रजी परत आत येते, आणि बेरीज 435, म्हणजे 87 टक्के. उत्तम संस्कृत आणि रडतखडत संस्कृत यांच्यात 3.2 टक्क्यांचं अंतर. तेवढ्यावर मोठ्या शहरातल्या हव्या त्या कॉलेजची यादी हुकू शकते, हे खरं. पण आयुष्य पालटतं अशा थाटात लोक बोलतात, तेवढं काही ते नाही.

या हिशोबात एक गोष्ट बहुतेक जण धरत नाहीत. संस्कृतच्या पाठांतरात गणिताचा सराव मागे पडला आणि 93 चे 88 झाले, तर 96 मिळवूनही बेरीज 446 वर येते. म्हणजे संस्कृतने दिलेल्या 11 गुणांतले 5 गणिताने परत घेतले. म्हणून कोणत्या विषयात जास्त गुण पडतात, एवढ्यावर थांबू नका. तो विषय आठवड्याचे किती तास खातो आणि ते तास कुणाच्या ताटातून जातात, हेही पाहायला हवं.

संस्कृत आणि हिंदी, समोरासमोर

दोन्हीचा लेखी पेपर 80 गुणांचा, तीन तासांचा. साम्य साधारण इथेच संपतं.

संपूर्ण संस्कृतला दहावीचं पुस्तक 'आमोदः'. गद्य, पद्य, व्याकरण आणि थोडं लेखन. मुलांना पानभर निबंध लिहावा लागत नाही. चित्र पाहून किंवा दिलेल्या शब्दांवरून चार-पाच सोपी वाक्यं रचायची असतात. काही प्रश्नांची उत्तरं माध्यमभाषेत, म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलाने चक्क मराठीत लिहायची असतात. उरलेल्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर एकच असतं. 'मुनि'चं षष्ठीचं रूप एक तर बरोबर, नाहीतर चूक. तपासणाऱ्याच्या मर्जीला जागा कमी, आणि "संस्कृतला मार्क पडतात" याचं मूळ बहुतांशी इथे आहे.

पण त्याच कारणाने संस्कृतात मार्क जातातही. विसर्ग सुटला, अनुस्वाराच्या जागी काही नाही, ह्रस्वाचं दीर्घ झालं की उत्तर गेलं. थोरलीच्या नववीच्या एका पेपरात मी लाल खुणा मोजल्या होत्या. निम्म्याहून जास्त विसर्गांच्याच होत्या. उत्तर येत होतं, दोन टिंबं येत नव्हती. आणि व्याकरण एकावर एक चढत जातं. आठवीत शब्दरूपं कच्ची राहिली, तर नववीत विशेषणं जुळत नाहीत आणि दहावीत समासाचा विग्रह जमत नाही. शेवटच्या दोन महिन्यांत 'कव्हर' होणारा हा विषय नव्हे.

संपूर्ण हिंदीचं पुस्तक 'लोकभारती'. गद्य 20, पद्य 12, पूरक पठन 8, व्याकरण 14 आणि उपयोजित लेखन 26 अशी 80 गुणांची विभागणी. हा 26 चा आकडा नीट पाहा. पत्र, कहाणी, जाहिरात, निबंध असं सगळं त्यात येतं, म्हणजे पेपरचा जवळपास तिसरा हिस्सा मुलाच्या स्वतःच्या लेखनाचा आहे. जे मूल मराठीतही निबंध म्हटला की पोट दुखवून घेतं, त्याला हिंदी 'सोपी' कशी जाईल?

घरी मात्र हिंदी सोपीच वाटते, कारण ती कानावर सतत असते. मराठी मूल तिथेच फसतं. त्याला समजतं सगळं, पण लिहिताना मराठी आत घुसते. मराठीत 'ती व्यक्ती', हिंदीत 'व्यक्ति' पुल्लिंगी. मराठीत 'तो आत्मा', हिंदीत 'आत्मा' स्त्रीलिंगी. 'ते पुस्तक' हिंदीत स्त्रीलिंगी होतं. मराठीत 'कवी', हिंदीत 'कवि'. 'शिक्षा' म्हटलं की आपल्याला वर्गाबाहेर उभं करणं आठवतं, हिंदीत ते शिक्षण आहे. 'चेष्टा' म्हणजे आपल्याकडे थट्टा, तिकडे प्रयत्न. जाऊबाईंचा मुलगा घरात हिंदी मालिकांचे संवाद धडाधड म्हणायचा, आणि पत्रलेखनात 'मेरा पुस्तक' लिहून यायचा. त्याला व्याकरणाचा क्लास लावून फारसा फरक पडला नाही. रोज अर्धं पान हिंदी लिहायला लावलं तेव्हा पडला.

तोंडी परीक्षेत हिंदीचा मुलगा सुखात असतो. दोन मिनिटं बोल म्हटलं तर बोलतो. संस्कृतचा आधी पाठ करतो.

संस्कृतचा एक बोनस मराठीच्या पेपरात दिसतो. मराठी प्रथम भाषेच्या 'कुमारभारती'तही समास आहेत. संस्कृतात ज्याने तत्पुरुष आणि द्वंद्व पक्के केले, त्याला तिथे वेगळं काही करावं लागत नाही. हिंदीचा बोनस परीक्षेबाहेर आहे. नोकरीत, प्रवासात, कुठेही ती लागते. पण मुलं ती एरवीही शिकतातच, म्हणून निर्णयात मी तिला फार वजन देणार नाही.

संयुक्त म्हणजे नेमकं काय

संयुक्तला हिंदीचं 'लोकवाणी' आणि संस्कृतचं 'आनन्दः' अशी दोन पुस्तकं. 40-40 चे दोन पेपर, प्रत्येकी दोन तासांचे, आणि दोन्ही मिळून अंतर्गत 20. ऐकायला हे समजूतदार मधलं माप वाटतं. 'दोन्हीची तोंडओळख होईल आणि अभ्यास निम्मा' असं आम्हालाही वाटलं होतं.

निम्मे होतात ते धडे. शुद्धलेखनाच्या सवयी दोन, व्याकरणं दोन, शिक्षक दोन, वह्या दोन, सराव परीक्षा दोन. संस्कृतातल्या 'देव' शब्दाची सातही विभक्तींची रूपं पाठ करायची ती करायचीच, ती निम्मी होत नाहीत. आमचा धाकटा नववीत 'कवि' आणि 'कवी' यांत इतका गोंधळला की मराठीच्या पेपरातही हिंदीसारखं ह्रस्व लिहून आला.

मग संयुक्त कुणाला सोयीचं? ज्याला कोणत्याच एका भाषेची धास्ती नाही, पण एकीत खोल उतरायचीही हौस नाही, अशा मुलाला. धोका दोन टोपल्यांत विभागला जातो हा खरा फायदा. धाकट्याचा संस्कृतचा पेपर बरा गेला नाही, हिंदीने ते सावरलं. उलट ज्या मुलाचं एका भाषेवर प्रभुत्व आहे, त्याचं संयुक्तात नुकसान होतं. त्याचा भक्कम विषय त्याने स्वतःच्या हाताने 40 वर आणून ठेवलेला असतो.

काही शाळांत हा पर्याय फक्त कागदावर असतो. संस्कृतचे शिक्षक एकच, म्हणून संपूर्णचे आणि संयुक्तचे विद्यार्थी एकाच तासाला बसवले जातात आणि संयुक्तवाल्यांनी 'आपलं आपण पाहायचं'. चिठ्ठीवर सही करण्याआधी शाळेत जाऊन एवढं विचाराच: संयुक्तला वेगळी तासिका आहे का, आणि दहावीपर्यंत तेच शिक्षक राहणार आहेत का? उत्तर गुळमुळीत आलं तर संयुक्त घेऊ नका. माझ्या मते तरी.

माझा कौल

पाढे, सूत्रं, सनावळ्या ज्याच्या लक्षात राहतात, नियम एकदा कळला की तो पाळण्यात ज्याला गंमत वाटते, आणि जो रोज वीस मिनिटं न कंटाळता देईल, त्याला संपूर्ण संस्कृत. वीस मिनिटं रोज, रविवारी दोन तास नव्हे. ज्याला गोष्टी सांगायला आवडतात, जो वाचतो, पण पाठांतर म्हटलं की जीव नकोसा करून घेतो, त्याला संपूर्ण हिंदी, आणि 'स्कोरिंग नाही' म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष. गणित-विज्ञानात आधीच ओढाताण असेल, तरी हिंदीच, कारण तिथला पाया निदान कानाने तयार झालेला असतो. संयुक्त मी सर्वांत शेवटी ठेवेन.

घरात कुणालाच संस्कृत येत नसेल तर? आम्हालाही येत नव्हतं. बालभारतीची पुस्तकं पीडीएफच्या रूपात फुकट उतरवून घेता येतात. थोरलीचे पाठांतर घेताना मी पुस्तक हातात धरून फक्त अक्षरं जुळवायचे, अर्थ तीच मला सांगायची. त्यात तिचा अभ्यास अधिक झाला असं वाटतं. क्लास लावायची वेळ आली नाही. ज्यांना लावावाच लागेल त्यांनी तो खर्च आणि जाण्या-येण्याचा वेळही तासांच्या हिशोबात धरावा.

सही करण्याआधी एक प्रयोग करून पाहा. आठवीची संस्कृत आणि हिंदी, दोन्ही पुस्तकं मोबाइलवर उतरवून घ्या. एका संध्याकाळी संस्कृतातलं एक शब्दरूप मुलाला द्या, दुसऱ्या दिवशी न सांगता विचारा. मग हिंदीत मित्राला दहा ओळींचं पत्र लिहायला सांगा. कोणत्या कामाला तो कुरकुरत बसला आणि कोणतं उरकून खेळायला पळाला, ते बघा. आमच्या थोरलीने रूपं संध्याकाळीच पाठ करून टाकली होती, पत्र तीन दिवस लोंबकळत राहिलं.

निर्णय चुकला असं वाटलं, तर आठवीच्या पहिल्या सत्रातच शाळेशी बोला. तेव्हा बहुतेक शाळा ऐकतात, नववी सुरू झाल्यावर कुणी उत्साह दाखवत नाही. दहावीचा फॉर्म भरल्यावर शाळेकडे तपासणीसाठी प्री-लिस्ट येते. तिच्यात नाव आणि जन्मतारखेबरोबर भाषेच्या विषयापुढे 'संपूर्ण' आहे की 'संयुक्त', हेही स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं 'संयुक्त' पडलं होतं, तीन वर्षं संपूर्ण संस्कृत शिकूनही. वेळेत दिसलं म्हणून दुरुस्त झालं.