वादळानंतर आलेला खरेदीदार आणि बँकेने परत केलेले दोन चेक

गेल्या आठवड्यात चिपळूणहून भाच्याचा फोन आला. 22 जुलै 2021 च्या पुराचा गाळ अजून त्याच्या माजघरातून पुरता निघालेला नाही. म्हणाला, "मामा, एक जण आलाय. घर आहे तसं, चिखलासकट घेतो म्हणतो. वर ताडपत्री फुकट देऊन गेला." मी विचारलं, पैशांचं काय म्हणाला? "थोडे आत्ता, बाकीचे चेकने. पण चेक सातबाऱ्यावर त्याचं नाव लागल्यावरच भरायचे."

माझ्या छातीत धस्स झालं. वर्षभर लाजेने गप्प होतो. आता सगळं आकड्यांसकट लिहितो.

आमचं गाव रायगडच्या दक्षिण किनाऱ्यावर. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात आलं आणि वडिलांनी लावलेली वाडी एका दुपारीत आडवी झाली. माड मुळासकट उपटले, पोफळी मधोमध मोडल्या, घराची कौलं गेली. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि मी 61 वर्षांचा. सरकारने हेक्टरी 50 हजार जाहीर केले, म्हणजे माझ्या 18 गुंठ्यांना जेमतेम नऊ हजार. पडलेली झाडं कापून उचलायची मजुरी त्याहून जास्त. महिनाभर वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, लॉकडाउनमुळे डोंबिवलीचा भाऊ येऊ शकत नव्हता. लोक विचारतात, एसटीत 31 वर्षं नोकरी केलेला माणूस असा कसा फसला? विचारायला शेजारी माणूसच नव्हतं, म्हणून फसला.

तो खरेदीदार जूनच्या शेवटी आला. टेम्पोतून दहा पत्रे उतरवले, पैसे घेतले नाहीत. "काका, आधी डोकं झाका. व्यवहाराचं मागाहून बघू." संकटात जो फुकट देतो आणि आठवड्याने जमिनीचा विषय काढतो, त्याला वस्तूचे पैसे त्याच दिवशी द्या. मिंधेपणा आला की भाव करता येत नाही.

ठरलं ते असं. घराखालचे दोन गुंठे माझे, उरलेले 16 गुंठे त्याचे. गुंठ्याला सव्वा लाख, म्हणजे 20 लाख. 1 लाख विसार, 3 लाख रजिस्ट्रीच्या दिवशी, बाकी 16 लाखांचे आठ-आठ लाखांचे दोन चेक. दस्त मात्र अख्ख्या 18 गुंठ्यांचा, "घर व झाडांसह". का, तर हिस्सा फोडायला वेळ लागतो, मोजणी झाली की दोन गुंठे परत तुमच्या नावावर करून देतो. हे तोंडी. तोंडी काहीही मान्य करू नका, सख्ख्या भावाचंसुद्धा.

9 जुलैला दुय्यम निबंधकांकडे गेलो. माझा चष्मा वादळात फुटलेला, दुरुस्तीचं दुकान बंद. दस्त त्यानेच भराभरा वाचून दाखवला. फोटो काढला, अंगठा घेतला आणि टेबलामागच्या बाईंनी मान वर करून विचारलं, "पैसे सगळे पोचले ना?" त्याने माझ्या कोपराला हळूच हात लावला. मी "हो" म्हणालो. माझ्या हातात 4 लाख आणि दोन कागद होते, आणि मी "हो" म्हणालो. त्या बाईंनी विचारलं होतं हो! मी तिथेच "नाही" म्हटलं असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं. दस्तात चेकचे नंबर घालून "संपूर्ण मोबदला पावला, तक्रार नाही" असं वाक्य आहे. आधी ते वाक्य शोधा, मग सही करा.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, चेक आजच का नाही भरायचे?" तिला मी गप्प केलं. त्याने सांगितलं होतं, फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याची नोंद, मंजूर होऊ दे, दसऱ्याच्या मुहूर्तावर भरा. चेक देवघरातल्या डबीत ठेवले. दसरा 25 ऑक्टोबरला, रविवारी. सोमवारी बँकेत गेलो. क्लार्कने चेक उलटासुलटा केला, तारखेवर बोट ठेवलं आणि खिडकीतून परत सरकवला. चेकची मुदत तीन महिने असते. तारीख 9 जुलै. मी 17 दिवस उशिरा आलो होतो.

त्याचा सगळा डाव एवढाच होता. चेक खात्यात पैसे नसल्यामुळे परत आला असता तर चेक बाउन्सची केस करता आली असती. मुदत संपलेल्या चेकवर तीही होत नाही.

त्याचा फोन बंद. पनवेलच्या पत्त्यावर गाळ्याला कुलूप. पोलीस ठाण्यात चार वेळा गेलो. प्रत्येक वेळी तेच उत्तर, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." चौथ्या वेळी अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. निबंधक कार्यालय म्हणतं, आम्ही फक्त दस्त नोंदवतो. तलाठी म्हणतो, फेरफाराची नोटीस दिली होती, 15 दिवसांत हरकत का नाही घेतली? हरकत कशी घेणार, तेव्हा पैसे येणारच आहेत असं वाटत होतं! मग प्रांतांकडे, म्हणजे वरच्या महसूल अधिकाऱ्यांकडे, अपील करा म्हणे, आणि तिथे पहिला प्रश्न, अपिलाला उशीर का झाला. पंचनाम्याला दारात यायला यांना तीन आठवडे लागले, तेव्हा उशीर कुणी मोजला नाही. माझ्याकडून मात्र दिवसांचा हिशोब मागतात. वकिलांना आतापर्यंत 40 हजार दिले. ते स्पष्ट सांगतात, पैसे थकले म्हणून नोंदलेलं खरेदीखत आपोआप रद्द होत नाही, दावाच लावावा लागेल. आणि ज्या घरात मी हे लिहितोय ते घरही त्याच कागदात गेलंय.

चिपळूणकरांनो, खरेदीखत करू नका, आधी साठेकरार, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, करा आणि तोही आपल्या वकिलाकडून. पैसे खात्यात दिसल्याशिवाय निबंधकांच्या पायरीवर चढू नका. चेक घेतलाच तर त्याच दिवशी बँकेत टाका, समोरचा कितीही मुहूर्त सांगो. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ असताना घराचा भाव ठरवूच नका.

भाच्याने त्या माणसाच्या गाडीचा फोटो काढून ठेवलाय. गाडी तीच आहे. एकट्याची तक्रार दिवाणी म्हणून परत पाठवतात, चार जणांचे सारखेच चेक समोर ठेवले तर तसं म्हणणं अवघड जाईल. प्रांतांकडे माझी पुढची तारीख 21 सप्टेंबर आहे. कुणाकडे असे मुदत संपलेले चेक पडून असतील तर त्याआधी मला कळवा, दस्ताची आणि चेकची झेरॉक्स घेऊन पोलीस ठाण्यात बरोबर जाऊ.