कागद खरे, शिक्का खरा, कॅनोपी मात्र भलतीच

जुने साहित्य विकत घेताना फसतात ते नवखे, असा स्कायडायव्हिंगमधील जाणत्यांचा सर्वसाधारण समज असतो आणि तो बऱ्याच अंशी चुकीचा आहे. नवखा माणूस प्रशिक्षकाला आणि रिगरला, म्हणजे पॅराशूट तपासणाऱ्या व त्याची घडी घालणाऱ्या तंत्रज्ञाला, विचारल्याशिवाय एक रुमालही विकत घेत नाही. शेकडो उड्या झालेला माणूस मात्र लाइनचा (पॅराशूटच्या दोऱ्यांचा) प्रकार, कापडाचा स्पर्श आणि माहितीपट्टीवरचे आकडे पाहून स्वतःच निर्णय घेतो. मला ज्याने फसवले त्याने नेमक्या याच सवयीचा अभ्यास केलेला होता, म्हणून हा अनुभव तपशिलात लिहीत आहे.

मला स्वूपिंगसाठी, म्हणजे जोरदार वळण घेऊन वेगाने जमिनीलगत सरकत उतरण्यासाठी, ९६ चौरस फुटांची, क्रॉस-ब्रेस्ड (आतून तिरक्या पडद्यांनी ताठ केलेल्या) रचनेची कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचा कापडी पंख, हवी होती. अशा कॅनोपी जुन्या बाजारात नेहमीच येत असतात, कारण स्वूपिंग करणारी मंडळी हात बसेल तसतशी लहान आकाराकडे सरकतात आणि आधीची कॅनोपी विकून टाकतात. एका विक्रेत्याने कॅनोपी, कंटेनर (पाठीवरची पिशवी), रिझर्व्ह (राखीव पॅराशूट) आणि एएडी, म्हणजे ठरावीक उंचीवर रिझर्व्ह आपोआप उघडणारे उपकरण, असा पूर्ण संच देऊ केला. किंमत चालू भावापेक्षा थोडीशीच कमी होती. संशय यावा इतकी ती कमी नव्हती, आणि हेही हेतुपुरस्सरच असावे.

त्याची उत्तरे मुरलेल्या स्वूपरची होती. स्पेक्ट्रा धाग्याच्या लाइन स्लायडरच्या, म्हणजे कॅनोपी उघडताना लाइनवरून खाली सरकणाऱ्या कापडी चौकोनाच्या, घर्षणाने तापून आखडतात, त्यातही ब्रेकच्या आणि कडेच्या लाइन जास्त आखडतात आणि कॅनोपीचा समतोल बिघडतो, म्हणून आपण एचएमए या दुसऱ्या धाग्याच्या लाइन बसवून घेतल्या, असे त्याने न विचारता सांगितले. एचएमए लांबीला स्थिर राहते, पण झीज फारशी न दाखवता एकाएकी तुटू शकते, हा तिचा दोषही त्यानेच पुढे केला. स्वतःच्या मालातले उणे सांगणाऱ्या माणसावर विश्वास पटकन बसतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

संच आधी माझ्या रिगरकडे पाठवावा आणि तपासणीनंतर पैसे घ्यावेत, ही नेहमीची अट मी घातली. त्याने ती धुडकावली नाही. दुसरे गिऱ्हाईक पूर्ण रक्कम आगाऊ द्यायला तयार आहे, तेव्हा अर्धी रक्कम आता आणि उरलेली तपासणीनंतर, असा तोडगा त्याने काढला. कमिशन वाचावे म्हणून ती रक्कम मित्र-नातेवाइकांना पैसे पाठवण्याच्या पर्यायातून पाठवावी, असेही सुचवले. या पर्यायात खरेदीदाराला संरक्षण नसते. स्कायडायव्हिंगच्या परवान्याचा फोटो आणि ओळख देणारी दोन नावे त्याने मागण्याआधीच पाठवली होती.

संच आला आणि रिगरने कॅनोपी जमिनीवर पसरली. माहितीपट्टीवर मॉडेल, अनुक्रमांक, निर्मितीचा महिना आणि ९६ हा आकार, सर्व काही जागच्या जागी होते. त्याने पट्टीच्या कडेवरून नख फिरवले आणि भिंग मागितले. टाक्यांच्या रांगेलगत, केसभर अंतरावर, सुईच्या रिकाम्या भोकांची दुसरी रांग होती. सिलिकॉनचा लेप असलेल्या झिरो-पोरोसिटी (हवा आरपार जाऊ न देणाऱ्या) कापडात सुईचे भोक बुजत नाही. तिथली मूळ पट्टी उसवून तिच्या जागी ही बसवलेली होती. दोऱ्याचा रंग जुळवलेला होता, टाक्याची लांबी मात्र जुळली नव्हती. त्यानंतर लाइन ताणून मोजल्या आणि उत्पादकाच्या तक्त्याशी ताडून पाहिल्या, तेव्हा त्या ९६ च्या तक्त्यात बसेनात आणि ९० च्या तक्त्यात जवळजवळ तंतोतंत बसल्या. पट्टीवरचा अनुक्रमांक उत्पादकाला कळवल्यावर उत्तर आले की त्या क्रमांकाची कॅनोपी निळ्या-पांढऱ्या रंगात बनवलेली होती. आमच्यासमोर पसरलेली लाल-काळी होती.

सहा चौरस फुटांचा फरक ऐकायला किरकोळ वाटेल. विमानातून बाहेर पडतानाचे साहित्यासह वजन १९० पौंड धरले, तर ९६ वर विंग लोडिंग (कॅनोपीच्या क्षेत्रफळावरचा भार) प्रति चौरस फूट १.९८ पौंड येते आणि ९० वर २.११. स्वूपर २७० अंशांचे वळण नेमक्या उंचीवर सुरू करतो, कारण त्याची कॅनोपी त्या झेपेतून सावरताना किती उंची खाते हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. लहान कॅनोपी तेच वळण अधिक वेगाने घेते आणि सावरायला अधिक उंची खाते. अनुभवी माणसांचे कितीतरी मृत्यू पूर्ण उघडलेल्या, निर्दोष कॅनोपीखाली, जमिनीलगतच्या वळणात झालेले आहेत. मी ९६ मागितली म्हणून ती ९६ झाली; कुणी ९० मागितली असती तर विक्रेत्याचे शिवणकामाचे कष्टही वाचले असते.

एएडीच्या बाबतीतला खोटेपणा अधिक साळसूद होता. ते सायप्रेस २ या मॉडेलचे होते. या उपकरणाच्या जुन्या नगांचे आयुष्य निर्मितीपासून साडेबारा वर्षे धरलेले आहे आणि नंतरच्या नगांचे साडेपंधरा. ‘साडेपंधरांपैकी तीन वर्षे अजून शिल्लक आहेत’ असे विक्रेत्याने लिहिले होते. आकडा खरा होता, पण तो या नगाला लागू नव्हता आणि याची मुदत उलटून गेलेली होती. निर्मितीची तारीख सांगणारे लेबल रिझर्व्हच्या कप्प्यातल्या मुख्य भागावर असते, तर विक्रीचे फोटो नेहमी बाहेरच्या बटणाचे येतात. त्यातही फोटोत स्पीड प्रकार दिसत होता आणि हातात आला तो एक्स्पर्ट. एक्स्पर्ट प्रकार सुमारे २२५ मीटर उंचीवर सेकंदाला ३५ मीटर, म्हणजे ताशी १२६ किलोमीटरपेक्षा अधिक उतरता वेग आढळला की रिझर्व्हचा कप्पा बंद ठेवणारा लूप (दोरीचा फास) कापतो. जोरदार वळणात स्वूपर ही मर्यादा ओलांडू शकतो, म्हणून स्पीड प्रकारात ती अधिक ठेवलेली आहे. चुकीचा प्रकार पाठीवर असेल, तर मुख्य कॅनोपी व्यवस्थित उडत असताना रिझर्व्हही बाहेर पडू शकते.

रिझर्व्हच्या घडीची नोंद असलेले कार्ड अस्सल होते, त्यावरील रिगरची सही आणि शिक्काही अस्सल होते. ते त्याच मॉडेलच्या आणि त्याच आकाराच्या दुसऱ्या रिझर्व्हचे होते, एवढेच. आधी पाठवलेल्या फोटोत अनुक्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांवर अंगठा आलेला होता. घडी घातल्यावर रिगर कप्प्याच्या पिनेवर लावतो ते सील नव्हते, पण घडीची मुदत संपल्यामुळे नव्याने घडी घालावीच लागेल, असे त्याने आधीच सांगून ठेवले होते. हे विधान खरे होते आणि त्याच्या आड सील नसणे बेमालूम झाकले गेले. काही उत्पादक ४० घड्या किंवा २५ वापर झाल्यावर रिझर्व्ह तपासणीसाठी परत मागवतात आणि त्यासाठी रिझर्व्हवरच खुणेचे चौकोन छापतात. कार्डावर मोजक्याच नोंदी होत्या. रिझर्व्हवरचे चौकोन जवळजवळ भरलेले होते.

ओळख देणारे दोघे संदेशांना तत्परतेने उत्तर देत होते, प्रत्यक्ष फोनवर मात्र कधीच आले नाहीत. परवाना एका खऱ्या स्कायडायव्हरचा होता. तो ज्या ड्रॉपझोनवर (उड्यांच्या केंद्रावर) उड्या घेतो, त्याच्या जाहीर क्रमांकावर फोन केल्यावर त्याच्याशी बोलणे झाले. पूर्वी एकदा कंटेनर विकताना त्याने परवान्याचा फोटो खरेदीदाराला पाठवला होता आणि तेव्हापासून अशी विचारणा त्याच्याकडे अधूनमधून येते. माझ्या ओळखीच्या एका विंगसूट (हातापायांमध्ये पंखासारखे कापड असलेला पोशाख) उडवणाऱ्यालाही याच परवान्याच्या आधारे एक सूट विकला गेला होता. विंगसूट अंगाच्या मापाने शिवला जातो, त्यामुळे अनुक्रमांकावरून मूळ मागणी सापडते. शिवणाऱ्यांनी सांगितले की तो सूट मूळ मालकाकडेच आहे आणि विकायला काढलेलाही नाही. ओळखीच्याला सूट मिळालाच नाही. त्या मानाने मला निदान काहीतरी आले, असे म्हणायचे.

उरलेली रक्कम मागणाऱ्या संदेशाला मी भोकांच्या दुसऱ्या रांगेचा फोटो उत्तर म्हणून पाठवला आणि विक्रेत्याचे खाते बंद झाले. पैसे पाठवणाऱ्या कंपनीने व्यवहार ओळखीतला आहे म्हणून हात वर केले. पोलिसांकडे तक्रार नोंदवलेली आहे.

यानंतर विक्रेत्याकडे मी माहितीपट्टीचा फोटो मागतो तो मी सुचवलेला शब्द लिहिलेल्या कागदासह, आणि आसपासचे कापड व शिवण दिसेल असा. एएडीच्या आतल्या लेबलचा आणि रिझर्व्हवरच्या पट्टीचा फोटो मागितला की प्रामाणिक विक्रेताही कुरकुरतो, कारण कप्पा उघडला की पुन्हा घडी घालण्याचा खर्च येतो. तो खर्च मी देऊ करतो.

कंटेनर तेवढा खरा निघाला. कॅनोपीला स्वतःचा अनुक्रमांक उरलेला नसल्यामुळे ती चोरीची असण्याची शक्यता आहे. तिचे फोटो आणि लाइनची मापे रिगरने उत्पादकाकडे दिलेली आहेत. ज्यांची लाल-काळी, ९० चौरस फुटांची क्रॉस-ब्रेस्ड कॅनोपी गहाळ झाली असेल, त्यांनी मूळ खरेदीच्या कागदपत्रांसह उत्पादकाकडे चौकशी करावी.