६ मिमी कॉम्प्रेशन बिट, एमडीएफचे पल्ले आणि आठ महिने

मशीन ८ बाय ४ फूट बेडचा १३२५ सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने फिरत्या बिटने बोर्ड कापणारं मशीन), माल १८ मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड. काम दोन तऱ्हेचं: दोन्हीकडून प्रीलॅम (आधीच लॅमिनेट चिकटवलेल्या) शीटचे कपाटाचे सपाट पल्ले, आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंगासाठी कोऱ्या एमडीएफचे शेकर पल्ले, म्हणजे कडेला चौकट ठेवून मधला भाग खोल खणलेले. पहिल्या कामाला या दोन धारांच्या कार्बाइड बिटला पाचपैकी पाच. दुसऱ्याला जेमतेम तीन.

प्रीलॅमवर कड खरोखर काचेसारखी येते. टोकाकडच्या धारा भुसा वर ओढतात, वरच्या धारा खाली दाबतात, त्यामुळे दोन्ही लॅमिनेट आत दाबली जातात. अट एकच: पहिला पास (एका फेरीतला काप) वर ओढणाऱ्या भागापेक्षा खोल हवा. या बिटवर तो भाग ५ मिमी, म्हणून पहिला पास ९. तीन-तीन मिमीचे पास दिलेत तर वरचं लॅमिनेट फुटणारच. दोष बिटचा नाही. रॅम्पने, म्हणजे तिरकं, शीटमध्ये उतरतानाही तोच धोका, तेव्हा सुरुवात पल्ल्याबाहेर वाया जाणाऱ्या भागात करावी.

शेकरच्या ५-६ मिमी खोल पॉकेटला (मधल्या खणलेल्या भागाला) हा बिट नकोच. तिथे वर ओढणारा भागच कडेला लागतो आणि लव (तंतूंचे केस) उभी राहते. पॉकेटला डाउनकट (फक्त खाली दाबणाऱ्या धारांचा बिट) घ्या, आणि डस्ट कलेक्टरचा ब्रश शीटला टेकलेला ठेवा. नाहीतर भुसा खाचेत ठासून बसतो आणि बिट तापतो.

हळू चालवलं की साफ येतं, हा समज सगळ्यात जास्त बिट खातो. १८,००० आरपीएम, दोन धारा, दर धारेला ०.२५ मिमी, म्हणजे मिनिटाला ९,००० मिमी फीड (बिट पुढे सरकण्याचा वेग). तेच ३,०००वर आणलं की धार कापत नाही, घासते: कड तपकिरी, भुशाचं पीठ. मशीनला एवढा वेग झेपत नसेल तर फीडबरोबर आरपीएमही उतरवा, १२,०००ला ६,०००. कडेला ०.३ मिमी ठेवून शेवटचा पास पूर्ण खोलीचा, क्लाइंब दिशेने, म्हणजे बिट ज्या बाजूला फिरतो त्याच बाजूला सरकवत.

पॉकेटच्या तळाला लव राहणारच, कारण एमडीएफची पृष्ठं घट्ट आणि गाभा मऊ. कोरडी घासून ती नुसती झोपते, प्रायमर लागला की पुन्हा उठते. आधी सीलर, वाळला की ३२० चा पेपर. एचडीएचएमआरमध्ये (जास्त घट्ट, ओलावा सोसणारा बोर्ड) लव कमी, पण धार लवकर जाते.

व्ही-ग्रूव्हचा (व्ही आकाराच्या खाचेचा) झेड, म्हणजे खोली मोजायचा शून्यबिंदू, शीटच्या वरून घ्या. ९०° बिटला जाडीतला ०.२ मिमी फरक खाचेच्या रुंदीत ०.४ होतो, आणि शेजारी-शेजारी लावलेल्या पल्ल्यांवर तो लांबून दिसतो. आरपार कापाचा झेड मात्र स्पॉइलबोर्डवरून (शीटखालच्या बळीच्या बोर्डवरून). ड्रॉवरच्या छोट्या पट्ट्या व्हॅक्यूमवर (शीट हवेने ओढून धरणाऱ्या बेडवर) सरकतात, त्यांना खाली ०.५ मिमी पापुद्रा ठेवून तो शेवटी हलक्या पासने कापावा.

लॅमिनेट जिथे लागतं तिथेच धारेला खाच पडते आणि कडेवर पांढरे टवके दिसू लागतात. मग हा बिट कोऱ्या एमडीएफच्या रफिंगला, म्हणजे कच्च्या कापाला. टवके नव्या बिटलाही आले तर आधी कोलेट (बिट धरणारी पकड) बघा: आत भुसा अडकला की बिट डगमगतो आणि एकच धार कापते. धार लावून आणलात तर व्यास मोजून सॉफ्टवेअरमध्ये बदला. ५.८ चा बिट ६ म्हणून चालवला की प्रत्येक पल्ला ०.२ मिमी मोठा निघतो.