पीयूसी होती, फिल्टर नव्हता! जुनी बीएस-६ डिझेल घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

गाडीचे ९ लाख ४० हजार, वर दलालाचं कमिशन २० हजार. एवढे मोजून २०२१ ची डिझेल एसयूव्ही घरी आणली आणि तिचा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, आतून फोडून रिकामा केलेला निघाला. डबा बाहेरून जागच्या जागी, वेल्डिंगवर काळा रंग फासलेला.

डिझेलच कशाला, असं विचारणाऱ्यांना सांगतो, माझं रोजचं फिरणं हायवेचं आहे. १ एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक नियम, लागू झाले, मारुतीने डिझेल बंदच केलं, बाकी काही कंपन्यांनीही छोटी डिझेल इंजिनं गुंडाळली. नवी मोठी गाडी परवडत नव्हती. दलाल या टंचाईवरच पोट भरतात.

ट्रायलच्या वेळी मी सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं होतं. काळंकुट्ट! दलालाने लगेच फडकं पुढे केलं, "डिझेल आहे साहेब, काळं होणारच." आणि मी बोट पुसून टाकलं. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. डिझेल कारला बीएस-४ मध्ये किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती, बीएस-६ मध्ये फक्त साडेचार. फिल्टर शाबूत असेल तर ती नळी आतून जवळपास स्वच्छ असते. पण जन्मभर जुन्या डिझेल गाड्या चालवलेल्या माणसाला काळं बोट खटकणार कसं? त्यात समोर वर्षभराची ताजी पीयूसी ठेवलेली.

सर्व्हिसिंगला स्कॅनर लावला तेव्हा भांडं फुटलं. इंजिन कितीही रेस केलं तरी फिल्टरच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबात फरक शून्य, म्हणजे आत धूर अडवणारं काही नाहीच. ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअरही बदललेलं, म्हणून डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागत नव्हता. गाडी शहरातच रखडत चालली की काजळी जळायला लागणारी सहाएकशे अंशांची उष्णता मिळत नाही, फिल्टर तुंबतो आणि खर्च नको म्हणून मालक तो फोडून घेतात. नवा फिल्टर आणि मूळ सॉफ्टवेअरचं एस्टिमेट १ लाख ७२ हजार ५०० रुपये. टोकन देण्याआधी स्कॅन करून घ्या, दीड हजारात होतं.

दलाल फोन उचलत नाही. पोलीस म्हणाले, दिवाणी मामला आहे. आरटीओत विचारलं, "पीयूसी आहे ना? मग अडचण काय?" पीयूसीवाला म्हणतो, धूर मर्यादेत आहे. अहो, डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा बघतात! नायट्रोजन ऑक्साइड नाही, बारीक कणांची मोजणी नाही. कंपन्यांना एवढे कडक नियम लावायचे आणि रस्त्यावरच्या गाडीला फिल्टर आहे की नाही हे कुणीच बघायचं नाही? वर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीच्या रचनेत असा फेरफार चालत नाही. कलम १८२-अ प्रमाणे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, तेही फेरफार करणाऱ्या मालकाला. आज कागदावर मालक मी! काउंटरवरच्या माणसाने ऐकवलं, "तक्रार केलीत तर आधी तुम्हीच अडकाल." फोडणारा मोकळा, पैसे भरणारा आरोपी.

फिल्टर आणि सॉफ्टवेअर कंपनीचंच आहे, असं करारात लिहून घ्या. विकणारा कां-कूं करायला लागला तर तिथूनच उठा. मी २५ हजार टोकन आधीच देऊन बसलो होतो, उठता आलं नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. माझ्या हातात तेवढंच आहे आणि त्याच्याच जोरावर ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे.