ईमेल स्कॅनची टिक काढली, अँटिव्हायरस ठेवला

सांगलीत माझं कर सल्ल्याचं छोटं ऑफिस आहे. तीन पीसी, दोन मुली कामाला. क्लायंट बहुतेक मार्केट यार्डातले: हळदीचे अडते, बेदाण्याचे व्यापारी, दोन कोल्ड स्टोरेजवाले. कागद मेलवरच पाठवा, असं मी सगळ्यांना बजावून ठेवलंय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो सहा महिन्यांनी सापडत नाही. ऑफिसच्या डोमेनवरचे (म्हणजे ऑफिसच्या नावाच्या पत्त्यावरचे) मेल आम्ही थंडरबर्ड या मेल वाचायच्या प्रोग्राममध्ये उतरवून घेतो. माझं सगळं काम त्या इनबॉक्सवर चालतं, म्हणून त्याची राखण करणाऱ्या अँटिव्हायरसबद्दल जरा सविस्तर लिहितेय.

पॅकेज तीन पीसींचं, वर्षाला १,८०० रुपयांच्या आसपास पडतं, चार वर्षं वापरतेय. नाव लिहीत नाही, कारण मला नडलेली सोय या ना त्या नावाने पुष्कळ पॅकेजांत असते. बाकी पॅकेज चांगलं आहे. क्लायंटच्या पेन ड्राइव्हमधून शॉर्टकट व्हायरस यायचा, तो याने कितीदा तरी दारातच अडवला. पीसीही फार जड होत नाही. तक्रार आहे ती सेटिंगमधल्या एका टिकमार्कपुरती: ‘येणारे-जाणारे मेल स्कॅन करा’.

ही टिक असली की मेल सर्व्हर आणि थंडरबर्ड यांच्या मधे अँटिव्हायरस जाऊन बसतो. मेल आधी तो घेतो, उघडून बघतो आणि मग पुढे देतो. एके काळी यात काही वावगं नव्हतं. मेल तेव्हा ११० नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे सर्व्हरशी बोलायचा नंबर दिलेला दरवाजा) उघडाच यायचा. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला तो मेलमधूनच. प्रेमपत्राचं नाव असलेली फाइल, तिच्या शेवटी डॉट व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालू होणारा प्रोग्राम, आणि विंडोज ते शेवटचं शेपूट लपवायचं. लोकांना वाटायचं साधी टेक्स्ट फाइल आहे. त्या दिवसांत मेल दारातच तपासणं शहाणपणाचं होतं. आता मेल ९९५ किंवा ९९३ पोर्टवरून कुलूपबंद येतो. आत बघायचं तर कुलूप उघडायला हवं, म्हणून अँटिव्हायरस स्वतःचं प्रमाणपत्र (सर्व्हरची ओळख पटवणारा डिजिटल दाखला) पीसीत घालतो आणि थंडरबर्डसमोर सर्व्हर बनून उभा राहतो.

हे मला कळलं एका सकाळी. आदल्या रात्री अँटिव्हायरस अपडेट झाला होता. तिन्ही पीसींवर थंडरबर्डने पिवळी सूचना दाखवली की या सर्व्हरची ओळख पटत नाही. मी टेबलापाशी पोचेपर्यंत नवीन मुलीने खालचं बटण दाबून ती सूचना घालवलीही होती. “मॅडम, हे येतंच अधूनमधून. ओके केलं की जातं.” भाचा तेव्हा घरी आला होता, वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंग करतो. तो म्हणाला, “आत्या, ओके करायच्या आधी प्रमाणपत्र कुणी दिलंय ते बघ की.” उघडून बघितलं तर प्रमाणपत्र आमच्या होस्टिंगवाल्याचं (ज्याच्या सर्व्हरवर आमचे मेल येतात त्याचं) नव्हतंच, देणाऱ्याच्या जागी अँटिव्हायरस कंपनीचं नाव होतं. थंडरबर्ड आपल्या विश्वासाची यादी वेगळी ठेवतो, आणि अपडेटमध्ये कुठेतरी हे नाव त्या यादीतून निसटलं होतं.

चोरी कुणी केली नव्हती, हे खरं. पण ज्या दिवशी खरोखर कुणी मधे घुसेल, त्या दिवशीही सूचना हीच येईल, आणि ऑफिसातली मुलगी तिला ओके करेल, कारण अँटिव्हायरसनेच तिला ती सवय लावलीय. माझ्याकडे दीडशे घरांचे पॅन, आधार आणि बँक स्टेटमेंट आहेत. मला ती सवय परवडणारी नाही.

जाणाऱ्या मेलचंही सांगते. २० तारीख जवळ आली की जीएसटीच्या मोठमोठ्या फाइली पाठवाव्या लागतात. पाठवताना पट्टी झरझर भरायची आणि शेवटी अडकून बसायची, मग टाइमआउट. थंडरबर्ड फाइल अँटिव्हायरसकडे देऊन मोकळा व्हायचा आणि खरं पाठवणं मागे रखडलेलं असायचं. वर प्रत्येक मेलखाली इंग्रजीत एक ओळ चिकटायची, की हा मेल व्हायरससाठी तपासलेला आहे. ती ओळ कुणीही टाइप करू शकतो, भामटासुद्धा. वाचणाऱ्याने तिच्यावर विसंबावं असं त्यात काही नाही.

आणि मग २९ जुलै २०२४, सोमवार. रिटर्नची मुदत ३१ ला संपणार होती. जेवणाच्या सुट्टीत एक वाजता फुल स्कॅन लावलेला असायचा, आणि साठवलेले मेलही तपासायचे अशी त्याच सोयीखाली दुसरी टिक होती. डबा आवरून परत आलो तर मुलगी उभीच. “मॅडम, इनबॉक्स रिकामा झालाय.” सहा वर्षांचे मेल, एकही दिसेना.

झालं होतं असं. थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच फाइलमध्ये एकापुढे एक लिहीत जातो. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये (थंडरबर्ड आपले मेल आणि सेटिंग ठेवतो तिथे) ‘इनबॉक्स’ नावाची ती एक फाइल, पुढे कसलंही शेपूट नाही. २०२१ मधल्या कुठल्याशा कुरिअरच्या नावाने आलेल्या मेलला एक संशयास्पद झिप होती, कधीच न उघडलेली. स्कॅनला ती सापडली आणि त्याने तेवढा मेल न उचलता अख्खी फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित फाइली कोंडून ठेवायच्या जागेत, टाकली. आमचं खातं पॉपचं, म्हणजे मेल पीसीवर उतरवून घ्यायचं, सर्व्हरवर १४ दिवसांपलीकडचे मेल राहत नाहीत. तो दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही.

फाइल परत मिळाली. क्वारंटाइनच्या यादीतून रिस्टोअर केली, त्याआधी थंडरबर्ड बंद केला आणि त्याचं प्रोफाइल फोल्डर स्कॅनमधून वगळलं, नाहीतर फाइल परत येताच पुन्हा उचलली गेली असती. मग तो कुरिअरचा मेल शोधून काढला, डिलीट केला, ट्रॅश रिकामा केला आणि इनबॉक्सवर राइट क्लिक करून कॉम्पॅक्ट केलं. हे कॉम्पॅक्ट महत्त्वाचं. थंडरबर्डमध्ये डिलीट केलेल्या मेलवर आधी फक्त खूण होते, मजकूर फाइलमध्ये तसाच पडून राहतो. कॉम्पॅक्ट केलं नाही तर पुढच्या स्कॅनला तोच व्हायरस पुन्हा सापडतो.

त्यानंतर मी ठरवलं की ही टिक काढली तर नेमकं काय गमावतो ते स्वतः बघायचं. अँटिव्हायरस तपासायला आयकार नावाची एक निरुपद्रवी चाचणी फाइल असते, ६८ अक्षरांची एक ओळ. तिने काही बिघडत नाही, पण अँटिव्हायरस तिला व्हायरस धरायचं असं ठरलेलं आहे. भाच्याने त्याच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर ती बनवली. जीमेलवरून साधी पाठवायला गेला तर जीमेलनेच अडवली. मग आमच्या होस्टिंगच्या वेबमेलवरून पाठवली. मेल स्कॅन चालू असताना ती येतानाच पकडली गेली. बंद असताना मेल इनबॉक्समध्ये आला, मी अटॅचमेंटवर क्लिक केलं, आणि फाइल उघडायच्या आत लाल खिडकी आली. अटॅचमेंट उघडायची म्हटली तरी थंडरबर्ड ती आधी टेम्प फोल्डरमध्ये उतरवतो, आणि तिथे अँटिव्हायरसचा चोवीस तासांचा पहारा असतोच. मेल स्कॅन वेगळा असो वा नसो.

दुसऱ्या खेपेला तीच फाइल पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये. मेल स्कॅन चालू होता, मेल निर्धास्त आत आला. पासवर्ड टाकून झिप सोडवली त्या क्षणी पहाऱ्याने पकडली.

ही दुसरी खेप माझ्यासारख्या ऑफिसला फार लागू आहे. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त फाइलींना पासवर्ड असतो. आयकर खात्याची १४३(१) ची सूचना (रिटर्न तपासून झाल्यावर येते ती) आणि एआयएस (वर्षभराच्या उत्पन्नाचं आणि व्यवहारांचं पत्रक) उघडायला पॅन स्मॉल अक्षरांत आणि पुढे जन्मतारीख लागते. बँकांची स्टेटमेंटही तशीच. या कुठल्याच पीडीएफच्या आत मेल स्कॅनला डोकावता येत नाही. आणि क्लायंटना खरोखर फसवतात ते मेल म्हणजे ‘तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, इथे क्लिक करा’. त्यात फाइलच नसते, नुसती लिंक. अशा एकाही मेलवर आमच्या मेल स्कॅनने कधी बोट ठेवलं नाही. ते काम ब्राउझरमधल्या संरक्षणाचं, आणि त्याहून जास्त माणसाचं. आम्ही आता लिंकवर जातच नाही. इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन हा पत्ता हाताने टाइप करायचा आणि रिफंड तिथे दिसतोय का ते बघायचं.

तेव्हा तिन्ही पीसींवर आता मेल स्कॅन बंद आहे, फाइलींवरचा पहारा चालू आहे, थंडरबर्डचं प्रोफाइल फोल्डर वगळलेलं आहे. त्या फोल्डरमधलं अटॅचमेंट म्हणजे नुसती अक्षरांची रास असते, बाहेर काढल्याशिवाय ते चालू होत नाही, म्हणून वगळताना मला धास्ती वाटली नाही. विंडोजमध्ये फाइलींची शेपटं दिसतील असं सेटिंग केलं. बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई असं पूर्ण नाव समोर आलं की मुलींना ओळखायला वेळ लागत नाही. आणि इनबॉक्सची फाइल दर शनिवारी बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी होते.

एक गोष्ट मात्र खरंच गमावली. क्लायंटची फाइल न उघडता तशीच सीएंना फॉरवर्ड केली तर आता आमच्या बाजूला ती कुणी तपासत नाही. म्हणून आमच्याकडे नियम केलाय: फॉरवर्डचं बटण वापरायचं नाही. फाइल आधी डेस्कटॉपवर सेव्ह करायची, म्हणजे पहाऱ्याच्या नजरेखालून जाते, आणि मग नव्या मेलला जोडायची. अर्धा मिनिट जास्त लागतो. सुरुवातीला मुलींनी कुरकुर केली, आता हात बसलाय.

मोठ्या कंपनीत मेल सर्व्हरवरच तपासणी बसवलेली असते, ती वेगळी आणि चांगली गोष्ट. मी बोलतेय ते घरच्या आणि लहान ऑफिसच्या पीसीवरच्या स्कॅनबद्दल. तुमचा मेल जीमेलवर ब्राउझरमधून बघत असाल तर मेल स्कॅनची ही टिक तुमच्या काही उपयोगाची नाही, कारण तुमचा मेल त्या पोर्टवरून येतच नाही. फक्त या सोयीसाठी दुकानदार महागडं पॅकेज गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, विंडोजमधल्या डिफेंडरचा पहाराही फाइल उघडतानाच तपासतो.

आमच्या पॅकेजचं नूतनीकरण नोव्हेंबरात आहे. पेन ड्राइव्हसाठी मी ते पुन्हा घेणार आहे. नवीन आवृत्ती टाकली की ती टिक आपोआप परत येते, गेल्या वर्षी आली होती, म्हणून बसवायला माणूस येईल त्या दिवशी मी स्वतः तिन्ही पीसींसमोर बसणार आहे.