पीक फ्लो मीटर: दीड वर्षाच्या वापरानंतर

दम्याच्या रुग्णाने घरी ठेवावे म्हणून डॉक्टर जे साहित्य सुचवतात, त्यात पीक फ्लो मीटर दिसायला सर्वांत साधे असते. वीतभर लांबीची प्लास्टिकची नळी, एका टोकाला तोंडात धरायचा भाग, अंगावर एक खाच, तीत सरकणारा काटा आणि शेजारी लिटर प्रतिमिनिटाचे आकडे, एवढाच त्याचा संसार. बॅटरी नाही, पडदा नाही, मोबाइलला जोडण्याची सोय नाही. खोक्यातून बाहेर काढले तेव्हा हे खेळणे आपल्याला आपल्याच छातीविषयी नवीन काय सांगणार, असे वाटले होते. ते मत आता राहिलेले नाही. मात्र ते बदलण्याचे निम्म्याहून अधिक श्रेय मी त्यातले आकडे वाचणाऱ्या डॉक्टरांना देईन.

छाती पूर्ण भरून घेऊन एका दमात जोराने फुंकले असता हवा जास्तीत जास्त किती वेगाने बाहेर पडते, तेवढेच हे उपकरण मोजते. दम्यात श्वासनलिका आतून सुजतात, त्यांच्याभोवतीचे स्नायू आवळले जातात, वाट अरुंद होते आणि हा वेग घटतो. बॅसिल मार्टिन राइट या ब्रिटिश संशोधकाने १९५०च्या दशकात असा मापक तयार केला आणि १९७०च्या दशकात त्याची हातात मावणारी लहान आवृत्ती आली. आज मिळणारी बहुतेक साधी उपकरणे त्याच वळणाची आहेत.

वापर सोपा आहे, पण चुकायला जागा भरपूर आहे. काटा तळाशी आणावा, शक्यतो उभे राहावे, ओठ घट्ट मिटावेत, खाचेवर बोट येऊ देऊ नये, तीनदा फुंकावे आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहावा, सरासरी काढू नये. मी पहिले काही दिवस गाल फुगवून, थुंकल्यासारखी फुंकर मारत होतो आणि आकडे चांगले येतात म्हणून खूशही होतो. डॉक्टरांनी समोर फुंकून दाखवायला सांगितले, तेव्हा तो आनंद संपला. हवा गालांतून नव्हे, छातीतून यायला हवी.

सोबतच्या माहितीपत्रकाविषयी माझी मुख्य तक्रार आहे. त्यात वय आणि उंचीनुसार अपेक्षित आकड्यांचा तक्ता आहे आणि हिरवी (८० टक्के आणि पुढे, ठीक), पिवळी (५० ते ८० टक्के, सावधान), लाल (५० टक्क्यांखाली, धोका) अशी खूण त्यावरून लावावी, असा समज सहज होतो. माझ्यासाठी तक्त्यात ५२० होते, त्याच्या ८० टक्के म्हणजे ४१६, आणि माझी मजल संध्याकाळीसुद्धा ४००च्या पुढे जात नव्हती. त्यामुळे मी रोज पिवळ्या पट्ट्यात आणि रोज काळजीत. डॉक्टरांनी समजावले की तक्ता इतरांच्या सरासरीवरून बनतो. खुणा लावायच्या त्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्यावरून, आणि तो आकडाही दमा आटोक्यात असताना दोन-तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ नोंदी ठेवूनच ठरवायचा असतो. ही एवढी गोष्ट पत्रकात ठळक छापली असती, तर माझा पहिला महिना सुखाचा गेला असता.

खरा उपयोग तीन आठवड्यांची वही घेऊन गेलो तेव्हा कळला. मी संध्याकाळच्या ४००कडे पाहत होतो. डॉक्टरांनी सकाळच्या रकान्यावर बोट ठेवले. तिथे ३१०, ३२०, पुन्हा ३१० असे आकडे होते. मोठ्या माणसांत दिवसभरातला हा चढउतार सरासरी १० टक्क्यांहून अधिक असला तर तो जास्त समजतात, आणि माझा जवळजवळ २५ टक्के होता. पहाटे जाग येते ती वयामुळे, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. औषधाचे प्रमाण वाढवतील असे वाटले होते, पण ते म्हणाले, “आधी तुमचा पंप कसा घेता, ते दाखवा पाहू.” मी दाखवला. पंप दाबून झाल्यावर मी श्वास आत घेत होतो, म्हणजे औषध बरेचसे घशातच राहत होते. त्यांनी स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, जोडून दिला, सावकाश श्वास घेऊन दहापर्यंत आकडे मोजत तो रोखायला शिकवले आणि स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायची आठवण दिली. औषध तेच, प्रमाणही तेच. दीड महिन्यात सकाळचा आकडा ४१०च्या आसपास आला आणि संध्याकाळी ४४० झाला.

या ४४०वरून त्यांनी लेखी आराखडा करून दिला: ३५२ आणि त्यापुढे नेहमीचे औषध, २२० ते ३५२ या दरम्यान काय बदलायचे आणि केव्हा फोन करायचा, २२०च्या खाली आराम देणारा पंप घेऊन थेट रुग्णालय. गेल्या सर्दीत मला काहीच जाणवत नसताना सकाळी काटा ३३०वर थांबला. आराखड्याप्रमाणे वागलो, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला आणि प्रकरण धाप लागण्यापर्यंत गेले नाही. पूर्वी मी त्रास जाणवायची वाट पाहत बसलो असतो.

उपकरणाच्या मर्यादाही आहेत. मनापासून फुंकले नाही तर आकडा खोटा येतो, लहान मुलांना ते नीट जमत नाही, आणि निदानासाठी लागणाऱ्या स्पायरोमेट्रीची, म्हणजे यंत्रावर होणाऱ्या श्वासाच्या सविस्तर तपासणीची, जागा ते घेऊ शकत नाही. दोन वेगळ्या उपकरणांचे आकडे जुळतीलच असेही नाही, म्हणून तपासणीला जाताना मी माझेच सोबत नेतो. बोलताना वाक्य पुरे होत नसेल इतका दम लागला असेल, तर मीटर शोधत बसू नये. लाल पट्ट्यातल्या सूचना तेव्हा थेट लागू होतात.

बांधणीला मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. कोमट साबणाच्या पाण्याने धुता येते, काटा अजून अडकलेला नाही. पण रंगीत खुणांच्या चिमट्या इतक्या सैल आहेत की पिशवीतून काढेपर्यंत हिरवी खूण ३०० वर घसरलेली असते. शेवटी मी पक्क्या शाईच्या पेनाने नळीवरच रेघा ओढून बाजूला तारीख लिहिली. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी माझा सर्वोत्तम आकडा ४६० धरला, त्यामुळे आता ३५२च्या जुन्या रेघेवर थोड्या अंतराने ३६८ची दुसरी रेघ आहे.